लाकडी पॉटमधलं आईस्क्रीम, आमच्या घरच्या पद्धतीनं

मे महिन्यात माळ्यावरनं पॉट खाली आला की आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात पोरांची रांग लागते. हँडल फिरवायचा हा पॉट काय आपला शोध नव्हे. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईनं 1843 साली त्याचं पेटंट घेतलं. पण त्यात म्हशीचं दूध पडलं की तो कोल्हापूरचा झाला.

गंगावेशीतनं 2 लिटर धारोष्ण दूध आणा. आटवून दीड लिटर करा, पाव किलो साखर घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कोमट दूध ओतलंत तर बर्फ फुकट जातो. पॉटच्या आतला धातूचा डबा पाऊणच भरा, घुसळताना हवा शिरून मिश्रण फुगतं.

आता खरी गोम मिठात. बर्फ फोडून डब्याभोवती थर द्या, चार वाट्या बर्फाला एक वाटी खडे मीठ. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो. मीठ पडलं की खारं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं, म्हणून दूध गोठतं. एकदा झाकण नीट बसवलं नाही मी, खारं पाणी आत गेलं. पाहुण्यांनी गपगुमान खाल्लं बिचाऱ्यांनी!

हँडल न थांबता फिरवा, नाहीतर खडे होतात. अर्ध्या तासानं ते जड झालं, दंड भरून आला, की हापूसच्या फोडी टाका. वर ओलं गोणपाट घाला, तासभर हात लावू नका. डब्यातल्या घुसळायच्या फळीला चिकटलेलं मात्र फिरवणाऱ्याचं.