गावातल्या फौजींसाठी आणि शहिदांच्या घरच्यांसाठी काही करायचंय? मग सत्काराच्या पुढचं बघा

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला माजी सैनिकांचा सत्कार हा आमच्या सातारा-सांगलीकडे ठरलेला कार्यक्रम आहे. शाल, श्रीफळ, माईकवर "आमचे लाडके फौजी", फोटो, चहा, की झालं. वाईट काहीच नाही त्यात, मान दिलेला कुणाला आवडत नाही, पण वर्षाचे उरलेले दिवस त्या माणसाकडे कोण फिरकतं तर ज्याला मिलिटरी कॅन्टीनची दारूची बाटली पाहिजे तो. म्हणून तरुण मंडळ, ग्रामपंचायत, सोसायटी किंवा नुसती चार मित्रांची टोळी असेल आणि खरंच काहीतरी करायचं असेल, तर काय करता येतं ते लिहितोय. पैसा फार लागत नाही. कागद वाचायची सवय आणि चिकाटी लागते, बस.

पहिलं काम यादी. गावात माजी सैनिक किती, वीरपत्नी किती, वीरमाता-वीरपिता किती, आणि नुसत्या विधवा किती, म्हणजे नवरा रिटायर होऊन घरी वारला अशा. ही शेवटची मंडळी सगळे विसरतात, कारण त्यांचं नाव कुठल्या बॅनरवर नसतं, आणि अडचणी सगळ्यात जास्त तिथंच. यादीत नाव, फोन, रेजिमेंट, रिटायर झाल्याचं साल, पेन्शन आहे का नाही एवढं पुरे. पेन्शन नाही असेही निघतात बरं का, पाच-सात वर्षं नोकरी करून काही कारणानं घरी आलेले, त्यांना गाव फौजी म्हणतं पण दर महिन्याला हातात काही येत नाही. अशांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची मदत आहे, ६५ वर्षांच्या पुढं, हवालदारापर्यंतची रँक, पेन्शन नाही, तर महिन्याला ८,००० रुपये. आधी ४,००० होते, २०२५ च्या नोव्हेंबरपासून डबल केले. त्याच वेळी हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांसाठीचं शिक्षण अनुदान महिना १,००० चं २,००० झालं आणि मुलीच्या लग्नाची मदत ५० हजाराची एक लाख झाली. अर्ज ऑनलाईन आहे, पण पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होते, त्यामुळं त्या ऑफिसची ओळख करून घ्या, प्रत्येक जिल्ह्याला एक असतंच. लग्नाच्या आणि शिक्षणाच्या अर्जाला मुदत असते हे आधीच सांगून ठेवा, लग्न होऊन वर्ष झालं आणि मग कुणीतरी सांगितलं असं लई वेळा होतं.

आता मेन मुद्दा, कागद. प्रत्येक फौजीच्या घरात एक काळी पत्र्याची ट्रंक असते, वर पांढऱ्या पेंटनं नंबर, रँक, नाव. त्या ट्रंकेत दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे नोकरीची सगळी नोंद, आणि पी.पी.ओ., म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, असतो, आणि तो कुठं आहे हे फक्त त्या माणसालाच माहीत असतं. एक रविवार काढा, मोबाईल स्कॅनर घेऊन घरोघरी जा, डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान, पी.पी.ओ., माजी सैनिक ओळखपत्र, ई.सी.एच.एस. म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं कार्ड, सगळं स्कॅन करून त्याच्याच मुलाच्या फोनमध्ये टाका. तुमच्याकडं ठेवू नका, ते जोखमीचं आहे आणि लोकांना ते आवडतही नाही.

आणि हे करताना एक गोष्ट नीट बघा, बायकोचं नाव. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची पद्धत, मग रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, कुठं "बाई" लागलेलं कुठं नाही, जन्मतारीख तर सरळ १ जून, मास्तरांनी लिहिलेली. फौजी जिवंत आहे तोवर ही दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी, त्यानं स्वतः अर्ज करायचा, अॅफिडेव्हिट आणि बाकी कागद जोडून रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं. मराठा लाईट इन्फंट्रीवाल्यांचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. माणूस गेल्यावर तेच काम त्या बाईला एकटीला करायला लागतं आणि तोवर फॅमिली पेन्शन अडकून बसते. गावात एका मावशींचं एका अक्षरासाठी कितीतरी महिने अडकलं होतं, बँकेत गेल्या की "साहेब नाहीत", साहेब असले की "वरून आलं नाही". त्यामुळं तुमचं मंडळ वर्षभरात एवढं एकच काम करणार असेल तरी हेच करा, सत्कार नाही केला तरी चालेल.

पेन्शन आता बहुतेकांची स्पर्श पोर्टलवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या वेबसाईटवर, गेलीय आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला लागतो. म्हाताऱ्या माणसाला ओटीपी, फेस स्कॅन हे झेपत नाही, अंगठ्याचे ठसे शेतात राबून झिजलेले, मशीन घेत नाही. नोव्हेंबरात ग्रामपंचायतीत एक दिवस कॅम्प लावा, दोन पोरं, एक लॅपटॉप, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांच्या घरी जाऊन करा. दाखला राहिला तर पेन्शन थांबते आणि मग परत चालू करायला हेलपाटे. ई.सी.एच.एस.चं पण तसंच, जवळचं पॉलिक्लिनिक कुठलं, कुठल्या हॉस्पिटलला चालतं, हा कागद भिंतीवर चिकटवून द्या. इमर्जन्सीत यादीबाहेरच्या हॉस्पिटलात न्यायला लागलं तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं, आणि रात्री दोनला अॅटॅक आलेल्या घरात हे कुणाला आठवणार? म्हणून भिंतीवर.

घरपट्टी माफीची पण योजना आहे राज्याची, बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना, एका राहत्या घरासाठी. सैनिक कल्याणचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज द्यायचा. काही ठिकाणी ग्रामसेवकच म्हणतो की आमच्याकडं असं काही आलेलं नाही, तिथं वाद न घालता लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतली की निम्मं काम होतं, हा सरकारी ऑफिसातला जुना मंत्र.

तरुण माजी सैनिकांचं वेगळं. साधा शिपाई १७ वर्षांच्या आसपास नोकरी करून घरी येतो, वय पस्तीस-अडतीस, मुलं शाळेत, डोक्यावर घराचं लोन. त्याला सत्कार नको, काम पाहिजे. सरकारी भरतीत माजी सैनिकांना समांतर आरक्षण असतं, फॉर्म भरताना तो कॉलम नीट भरला जातोय ना बघा. मेस्को, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, सिक्युरिटीच्या नोकऱ्या देतं, तिथं नाव नोंदवता येतं. पण सगळ्यांनीच गेटवर उभं राहावं असं कुठं लिहिलंय? फौजेत कुणी वायरलेस ऑपरेटर होता, कुणी गाड्यांचा मेकॅनिक, कुणी नर्सिंग असिस्टंट, गावातल्या धंदेवाल्यांना हे सांगा. आणि पोलीस भरती, अग्निवीरची तयारी करणारी पोरं असतातच, पहाटे ग्राउंडवर त्यांना ट्रेनिंग द्यायला फौजीला बोलवा, मानधन ठरवून, फुकट नाही. मुलांच्या प्रोफेशनल कोर्सला पंतप्रधान शिष्यवृत्ती पण आहे, मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५००, बारावीला चांगले मार्क असले तर हे आधीच डोक्यात ठेवा.

जखमी जवानांसाठी काही करायचं असेल तर पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासूनचं, मणक्याला मार लागून व्हीलचेअरवर आलेले जवान तिथं राहतात. तिथंच खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९१७ सालची संस्था, अपंगत्व आलेल्या जवानांना कोर्स शिकवते. मंडळानं गणपतीच्या वर्गणीतून काही द्यायचं ठरवलं तर अशा ठिकाणी आधी फोन करून विचारा की काय लागतं, केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन फोटो काढायला जाऊ नका. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात गोल्ड घेऊन आले. या लोकांना दया नको असते, सोय पाहिजे असते, रॅम्प, टॉयलेट, ग्राउंड.

आता अवघड भाग, गावातला जवान शहीद झाला तर. पार्थिव येतं तेव्हा सैन्याचे लोक सोबत असतात, त्यांना त्यांचं काम करू द्या. तिरंगा पेटीवर कसा ठेवायचा हे ठरलेलं आहे, केशरी पट्टा डोक्याकडं, आणि अग्नी देण्याआधी तो काढून घडी करून घरच्यांच्या हातात देतात, तो जाळायचा नसतो, पुरायचाही नसतो. मंडळानं काय करायचं तर रस्ता मोकळा ठेवायचा, पाणी, सावली, गाड्यांचं पार्किंग, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घराच्या दारात दोन खमकी माणसं उभी करायची की कुणी मोबाईल घेऊन त्या बायकोच्या तोंडासमोर जाणार नाही. बॅनर लावायचाच असेल तर फक्त त्या जवानाचा फोटो. शहिदाचा फोटो पासपोर्ट साईज आणि खाली इच्छुक उमेदवार फुल साईज, असले बॅनर बघून डोकं फिरतं.

तेरावा झाला की गर्दी ओसरते आणि खरं काम तिथून सुरू होतं. एक वही करा, कुठला फॉर्म कधी दिला, कुणाशी बोलणं झालं, फोन नंबर काय. मृत्यू दाखल्याच्या भरपूर कॉपी काढून ठेवा. आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे पैसे युनिटकडून मार्गी लागतात, पण बँकेच्या सॅलरी पॅकेजवर वेगळा अपघात विमा असतो आणि तो क्लेम मागायला लागतो, न मागता येईलच असं धरून बसू नका. मृत्यू कसा झाला यावर सगळं अवलंबून आहे, बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईतला मृत्यू, धरली तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी. ड्युटीमुळं झालेला पण लढाईतला नाही, तर स्पेशल, ६० टक्के. आणि दोन्हीत बसला नाही तर साधी, ३० टक्के, सुरुवातीची काही वर्षं जास्त. म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे सैन्याच्या आतल्या चौकशीचा, निकाल काय लागला, त्याची कॉपी घरात असली पाहिजे, पटलं नाही तर अपील होतं, सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे.

पैसा आला की नातेवाईक येतात, हेही लिहायला पाहिजे. सासू-सासरे एकीकडं, माहेर दुसरीकडं, मध्ये बावीस-तेवीस वर्षांची पोरगी आणि कडेवर लेकरू. गावानं यात पंचायत बसवून तिच्यावर दबाव आणू नये. करायचंच तर तिच्या नावचं खातं तिलाच चालवता येईल एवढं शिकवा, एटीएम, पासबुक, एफडी, आणि दुप्पट पैसे करून देणारा एजंट दारात आला तर त्याला वेशीपर्यंत सोडून या. शिक्षण राहिलं असेल तर परत कॉलेजात नाव घालायला मदत करा. बारा महिन्यांनी पुण्यतिथीला पुढाऱ्यांना बोलवण्याआधी तिला विचारा की कार्यक्रम पाहिजे का. नको म्हणाली तर नको.

एक गोंधळ नेहमी होतो. सी.आर.पी.एफ., बी.एस.एफ. हे गृहखात्याखाली येतात, त्यांचं फॅमिली पेन्शन आणि योजना वेगळ्या, सैनिक कल्याण कार्यालयात गेलं तर तिथून परत पाठवतात. त्यांच्यासाठी त्या त्या दलाच्या ग्रुप सेंटरशी किंवा मुख्यालयाशी बोलायचं. ऑनलाईन मदत द्यायची असेल तर या दलांसाठी "भारत के वीर" आणि लष्करासाठी "मां भारती के सपूत", दोन्ही सरकारी. किंवा सरळ ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला द्या, १९४९ पासून चालू आहे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या क्यूआर कोडवर एक रुपया पण टाकू नका.

स्मारकाचं म्हणाल तर पुतळ्याच्या मागं लागण्याआधी विचार करा. त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, खर्च मोठा, आणि तीन पावसाळ्यांनी त्यावर कबुतरं. त्यापेक्षा शाळेच्या आवारात दगडी नामफलक बरा. नाव, नंबर, युनिट, तारीख, ठिकाण रेकॉर्डशी ताडून घ्या, कोरल्यावर चूक निघाली की घरच्यांना किती लागतं ते विचारू नका. अनावरणाला फलक तिरंग्यानं झाकू नका, कायद्यानं चालत नाही, साधं पांढरं कापड घ्या. पुण्यात घोरपडीला दक्षिण कमांडचं युद्ध स्मारक आहे, लोकांच्या वर्गणीतून उभं राहिलेलं, १९९८ चं, शाळेची सहल तिकडं न्या. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात रोज संध्याकाळी एका शहिदाच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात, तिथं तुमच्या गावातल्या आई-वडिलांना न्यायचा खर्च मंडळानं उचलला तर डीजेपेक्षा कधीही चांगला.

ज्या गावांत जुन्या महायुद्धातली नावं आहेत त्यांनी अजून एक करता येईल. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, त्यांचं स्मारक इंग्रजांनी तिथं उभारलंय. रायगडच्या माणगावला नाईक यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, दुसऱ्या महायुद्धात १९४४ ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण अशी शेकडो गावं आहेत जिथं आजीला फक्त "थोरला बसऱ्याकडं गेला तो आलाच नाही" एवढंच आठवतं, बसरा म्हणजे इराकातलं. महायुद्धांत पडलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाईटवर नाव शोधता येतं, फुकट. आडनावानं शोधू नका, त्या काळी बऱ्याच नोंदी नाव-आडनावाच्या विचित्र इंग्रजी स्पेलिंगनं केल्यात, शिंदेचं सिंदे, जाधवचं जादव. रेजिमेंट टाकून यादी काढा आणि मग एकेक नोंद उघडून बापाचं नाव, गाव, तालुका बघत जा, बऱ्याच नोंदींत ते दिलेलं असतं. सापडलं की पानाची प्रिंट काढून त्या घरी नेऊन द्या आणि नामफलकावर त्या माणसाचं नाव सगळ्यात वर घाला.