दारूची किमान किंमत ठरवल्याने घातक पिणे कमी होते का, हे कसे तपासावे

दारूचे दर वाढल्याची बातमी आली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, महाग केली की लोक कमी पितील. आणि दुसरे, ज्याला प्यायचीच आहे तो घरातली भांडी विकून पिईल. दोन्ही वाक्यांत थोडे तथ्य आहे, आणि नेमके किती तथ्य आहे हे मोजण्याची सोय आज उपलब्ध आहे, कारण स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून दारूला किमान किंमत लावली आणि तिचे मूल्यमापन झालेच पाहिजे अशी तरतूद कायद्यातच करून ठेवली. गावच्या व्यसनमुक्ती समितीत काम करणाऱ्याला, स्थानिक वार्ताहराला किंवा असा दावा कानावर पडलेल्या कोणालाही तो स्वतः तपासून पाहता यावा, यासाठी पुढील पद्धत मांडली आहे.

सुरुवात शब्दांपासून करावी लागते, कारण कर आणि किमान किंमत यांची गल्लत जवळपास प्रत्येक चर्चेत होते. उत्पादन शुल्क वाढवले तर ते कारखानदार भरतो. वाढीचा किती भाग ग्राहकाच्या माथी मारायचा आणि किती स्वतः सोसायचा हे तो आणि विक्रेता ठरवतात, आणि मोठी दुकाने तर गिऱ्हाईक आत यावे म्हणून दारू तोट्यातही विकतात. किमान किंमत ही मात्र सरळ मर्यादा असते. त्याखाली कोणालाही विकता येत नाही. त्यामुळे ती फक्त स्वस्त मालाला भिडते. स्कॉटलंडमधल्या पबमध्ये मिळणारी बिअर आधीपासूनच त्या मर्यादेच्या बरीच वर होती, म्हणून पबमध्ये बसणाऱ्याला फरक जाणवला नाही. फरक पडला तो सुपरमार्केटमधून स्वस्त बाटल्या घरी नेणाऱ्याला. आणखी एक गोष्ट चर्चेत सहसा निसटते: किमान किमतीमुळे वाढलेला पैसा सरकारी तिजोरीत जात नाही, तो दुकानदाराच्या गल्ल्यात राहतो. त्यामुळे ‘या पैशातून व्यसनमुक्ती केंद्रे चालतील’ असे कोणी म्हणत असेल, तर तो कराविषयी बोलत आहे असे समजावे.

यानंतर बाटली हातात घ्यावी आणि लेबल वाचावे. बाटलीची किंमत पाहून काहीच कळत नाही; पाहायचे असते ते शुद्ध अल्कोहोलचा दर काय पडतो हे. ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट धरतात. हिशेब सोपा आहे: बाटलीतले मिलिलिटर गुणिले लेबलवरची टक्केवारी, भागिले १०००. चाळीस टक्क्यांच्या ७०० मिलिलिटर व्हिस्कीत २८ युनिट होतात. स्कॉटलंडने एका युनिटला ५० पेन्स ही मर्यादा घातली, म्हणजे ती बाटली १४ पौंडांखाली विकता येईना. पण त्या काळात व्हिस्की तशीही त्याच सुमारास मिळत होती. खरा दणका बसला तो साडेसात टक्क्यांच्या सायडरला, म्हणजे सफरचंदाच्या स्वस्त, कडक दारूला. तिची तीन लिटरची प्लॅस्टिकची बाटली साधारण चार पौंडांना मिळत असे. तीत साडेबावीस युनिट भरतात, म्हणजे नव्या नियमाने तिची किंमत एका रात्रीत ११ पौंड २५ पेन्स झाली. रोज अशी एक बाटली रिचवणारा माणूस कोण असेल, याची कल्पना करून पाहिली की हा कायदा कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केला होता हे समजते.

कायदा मात्र सहजासहजी लागू झाला नाही. स्कॉटिश संसदेने तो २०१२ साली संमत केला, पण व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने न्यायालयात आव्हान दिले, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. संमत होण्यापासून २०१८ मध्ये लागू होईपर्यंतची ही सहा वर्षे का लक्षात ठेवायची, ते पुढे येईल.

आता सर्वांत अवघड भाग, आणि इथेच बहुतेक जण घसरतात. स्कॉटलंडमध्ये थेट दारूमुळे झालेले मृत्यू २०१८ साली १,१३६ होते, २०१९ मध्ये ते १,०२० वर आले, आणि २०२३ मध्ये १,२७७ झाले. हे आकडे असे ओळीने मांडले तर किमान किंमत सपशेल फसली असेच वाटेल, आणि विरोधकांनी तसे म्हटलेही. पण मध्ये करोना येऊन गेला होता. घरात कोंडलेल्या काळात आधीच जास्त पिणारे आणखी पिऊ लागले आणि शेजारच्या इंग्लंडमध्येही, जिथे किमान किंमत नव्हती, असे मृत्यू झपाट्याने वाढले. म्हणून प्रश्न ‘आधी किती आणि नंतर किती’ असा विचारायचा नसतो. ‘हा कायदा नसता तर किती झाले असते’ असा विचारायचा असतो. ते जाणण्यासाठी तसाच, पण कायदा नसलेला शेजारी शोधावा लागतो. स्कॉटलंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने इंग्लंडशी तुलना करून पहिल्या ३२ महिन्यांचा, म्हणजे २०२० च्या अखेरपर्यंतचा, अंदाज काढला. थेट दारूमुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी झाले, म्हणजे वर्षाला सुमारे १५६ जण वाचले. रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची घट ४.१ टक्के निघाली, पण ती संख्याशास्त्रीय दृष्ट्या तितकी खात्रीची नव्हती, हे सांगताना गाळू नये. दारूची एकूण विक्री जेमतेम तीन टक्क्यांनी घटली.

विक्रीत तीन टक्के घट आणि मृत्यूंत तेरा टक्के घट हे गणित जुळत नाही असे वाटणे स्वाभाविक आहे. उलगडा असा की घट सगळ्यांत सारखी वाटली गेली नाही. शनिवारी एक वाईनची बाटली घेणाऱ्याच्या खर्चात फारसा बदल झाला नाही. घट एकवटली ती स्वस्त आणि कडक दारू भरपूर पिणाऱ्यांत, आणि ज्यांचे यकृत आधीच खराब झालेले असते त्यांनी थोडे जरी कमी प्यायले तरी मृत्यू लांबतो. म्हणूनच इतक्या लवकर फरक दिसला. मृत्यूंतली घट पुरुषांत आणि सर्वांत गरीब वस्त्यांत जास्त होती. दारूने होणाऱ्या मृत्यूंत गरीब-श्रीमंतांमधली दरी अरुंद करणारे धोरण क्वचितच हाती लागते, आणि माझ्या मते या कायद्याच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

तरीही ‘व्यसन आटोक्यात आले का’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे देता येत नाही. घातक प्रमाणात पिणारा आणि दारूशिवाय ज्याचे हात थरथरतात असा पूर्ण व्यसनाधीन माणूस, हे दोन वेगळे गट आहेत, आणि अहवाल वाचताना ते वेगळे ठेवले आहेत की नाही हे आधी पाहावे. दुसऱ्या गटातल्या लोकांनी पिणे कमी केल्याचा स्पष्ट पुरावा स्कॉटलंडच्या मूल्यमापनात मिळाला नाही. त्यांतल्या काहींनी जेवणावरचा आणि वीजबिलावरचा खर्च कापून दारूची सोय केली. भांडी विकून पिण्याची आपल्याकडची म्हण तिकडेही खरी ठरली म्हणायची. गुन्ह्यांवरही ठोस परिणाम दिसला नाही. म्हणजे किमान किंमत ही नव्याने खोलात जाणाऱ्याला अडवणारी आणि खोलात असलेल्यांपैकी काहींचा मृत्यू टाळणारी गोष्ट आहे, उपचार नाही. उपचार केंद्रांचा निधी तेवढाच ठेवून केवळ किंमत वाढवली असेल, तर व्यसनाधीन माणसाच्या घरातली चूल आधी विझते.

तपासताना आणखी एक खबरदारी घ्यावी: त्याच सुमारास दुसरे काय बदलले? ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरी प्रांताने ऑक्टोबर २०१८ मध्ये किमान किंमत आणली आणि खोक्यात मिळणाऱ्या स्वस्त वाईनचा खप निम्म्याच्या आसपास घसरला, हे खरे. पण त्याच काळात दारू विकत घेण्यास बंदी असलेल्यांची यादी पुन्हा सुरू झाली होती आणि काही शहरांत दारूच्या दुकानांच्या दारात पोलीस निरीक्षक उभे केले होते. श्रेय नेमके कोणाला द्यायचे हे मग सांगता येत नाही. तिथे सरकार बदलल्यावर २०२५ मध्ये ही किंमत रद्दही झाली.

मर्यादा ठरवून स्वस्थ बसले की ती आपोआप झिजते, हेही पाहावे. स्कॉटलंडचे ५० पेन्स २०१२ च्या बाजारभावाने ठरले होते, पण न्यायालयीन लढाईमुळे २०१८ मध्ये लागू झाले आणि २०२४ पर्यंत तसेच राहिले. तोवर महागाईने त्यातली हवा बरीच काढली होती. ३० सप्टेंबर २०२४ पासून ती ६५ पेन्स केली गेली. महागाईशी जोडलेली नसलेली कोणतीही किमान किंमत वाचताना शेजारी ती ठरवल्याचे साल लिहून ठेवावे.

आता हीच पट्टी आपल्याकडे लावू. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने १० जून २०२५ रोजी मद्यावरील शुल्कवाढीबरोबर १८० मिलिलिटरच्या बाटलीचे, म्हणजे क्वार्टरचे, किमान किरकोळ दर जाहीर केले: देशी दारू ८० रुपये, महाराष्ट्रात धान्यापासून बनवलेल्या मद्याचा नवा प्रकार १४८ रुपये, भारतीय बनावटीचे विदेशी मद्य २०५ रुपये आणि उंची विदेशी मद्य ३६० रुपये. बिअर आणि वाईन यातून वगळली. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या बाटलीवर सहसा ४२.८ टक्के छापलेले असते. १८० गुणिले ४२.८ भागिले १००० केले तर ७.७ युनिट होतात, म्हणजे युनिटला सुमारे २६ रुपये ६० पैसे. देशीच्या बाटलीवरही तेवढीच टक्केवारी असेल तर तिथे युनिट १० रुपये ४० पैशांना पडते. कमी टक्केवारी छापली असेल तर तोच हिशेब त्या आकड्याने करावा. मुद्दा असा की ही मर्यादा अल्कोहोलवर नसून प्रकारावर आहे. ज्या दारूवर मजुरी करणारा माणूस झोपतो, तिचीच मर्यादा सर्वांत खाली आहे, आणि विदेशी महागली म्हणून देशीकडे वळण्याची वाट मोकळी राहते. निर्णयाबरोबर वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित असल्याचे सांगितले गेले होते. उद्दिष्ट तिजोरी असेल तर ही रचना समजण्यासारखी आहे, पण तिच्याकडून आरोग्याची अपेक्षा ठेवताना जपून बोलावे.

स्कॉटलंडचे निष्कर्ष इकडे उचलून आणताना दोन ठिकाणी हात राखावा लागतो. पहिले ठिकाण सीमा. स्कॉटलंडहून इंग्लंडात जाऊन दारू आणण्याचे प्रमाण किरकोळ निघाले, पण आपल्या शेजारी गोवा आहे, आणि इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर पकडलेल्या गोवा बनावटीच्या दारूच्या बातम्या सिंधुदुर्गात कोणाला नवीन नाहीत. दुसरे ठिकाण हातभट्टी. स्कॉटलंडमध्ये परवान्याबाहेरची दारू नगण्य होती. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. परवान्याची स्वस्त दारू महाग झाल्यावर माणूस कमी पितो की मिथेनॉल मिसळलेल्या फुग्याकडे वळतो, हे केवळ दुकानातल्या विक्रीवरून कळत नाही.

म्हणून आपल्या जिल्ह्यापुरता पडताळा घ्यायचा असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचे शुल्क भरून, देशी, विदेशी, बिअर आणि वाईन यांची महिन्यागणिक विक्री लिटरमध्ये वेगवेगळी मागावी. त्याच अर्जात हातभट्टीवरच्या छाप्यांचे आणि नाक्यावर जप्त केलेल्या मालाचे आकडेही मागावेत. रुपयांतली विक्री घेऊ नये, कारण दर वाढल्यावर खप घटूनही रक्कम वाढलेली दिसते. दरवाढीच्या आधीची किमान दोन वर्षे तरी घ्यावीत आणि प्रत्येक महिन्याची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. डिसेंबरची जानेवारीशी केली तर निष्कर्ष थर्टी फर्स्टचा निघेल. दरवाढीच्या लगेच आधीचा आणि नंतरचा महिना बाजूला ठेवावा, कारण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही आधी साठा करून ठेवतात. निवडणूक झालेला महिनाही वेगळा दाखवावा. त्याचे कारण या राज्यात कोणाला समजावून सांगावे लागू नये.