फौजीशी लग्न झालंय? मग या चुका टाळा

सातारा-कोल्हापूरकडच्या मुली फौजीच्या घरात लग्न करून येतात, लग्नाची सुट्टी संपली की नवरा युनिटला जातो, आणि कागदपत्रांचा विषय निघाला की सगळ्यांचं उत्तर एकच: "ते सुट्टीवर आले की करू." जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची कॅज्युअल रजा असते खरी, पण ती युनिटच्या सोयीनं मिळते आणि ऐन वेळी रद्दही होते. मिळालेल्या सुट्टीतही प्रवास, शेतीची कामं आणि भावकीतली लग्नं असतातच. पुढच्या बहुतेक चुका "सुट्टीवर आले की करू" या एका वाक्यातून निघतात.

नावांचा घोळ

यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण दरवर्षी कुणीतरी यात अडकतंच. चंदगडकडची एक मुलगी आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये होती. लग्नात तिचं नाव बदललं. नवऱ्यानं युनिटमध्ये तेच नवं नाव दिलं आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या लष्करी रेकॉर्डमधली लग्नाची अधिकृत नोंद, त्याच नावानं निघाली. आधार मात्र माहेरच्या नावाचं राहिलं. विवाह नोंदणी घाईघाईत एका एजंटाकडून करून घेतलेली, त्यात स्पेलिंग तिसरंच. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. तिथल्या दवाखान्यानं आधार पाहून नाव लिहिलं, त्यामुळे बाळाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरचं आलं. बाळाच्या नोंदीसाठी कागद गेले आणि ऑब्झर्वेशन, म्हणजे त्रुटीचा शेरा, लागून परत आले. रेकॉर्डमधली बायको आणि दाखल्यावरची आई या कागदावर दोन वेगळ्या बायका होत्या! नवरा तेव्हा फील्डमध्ये, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, त्याचा फोन लागला तर लागला. ही पोर कडेवर लेकरू घेऊन प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद, आधार दुरुस्ती असं करत फिरत राहिली. तोवर बाळाचं डिपेंडंट कार्ड (जवानाच्या कुटुंबाचं ओळखपत्र) नाही आणि एमएचला, म्हणजे लष्करी दवाखान्यात, नेलं की दर वेळी तीच विचारपूस. तिचे ते हेलपाटे आठवले की आजही जीव तुटतो.

माझं मत विचाराल तर पहिलं नाव बदलूच नका. हौस असेल तर नवं नाव तांदळात लिहिण्यापुरतं ठेवा. आडनाव बदलायचं असेल तर लग्नानंतर कोणतं नाव, इंग्रजीत कोणत्या अक्षरांनी लिहायचं, ते दोघांनी बसून ठरवा. दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार समोर ठेवा. मग ग्रामपंचायतीत स्वतः जाऊन नोंदणी करा आणि सही करण्याआधी अक्षर न् अक्षर वाचा. एजंटाला पैसे देऊन चार दिवस वाचवणाऱ्या मुली पुढे वर्षभर रांगेत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. पार्ट टू ऑर्डर निघाली की नवऱ्याकडून तिची प्रत मागून घ्या. नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख तुम्ही तपासा, "त्यांनी बघितलंय" यावर सोडू नका. मी सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स एका फाइलमध्ये ठेवते आणि ती फाइल पेटीच्या तळाशी कधीच जात नाही.

याच सुमारास ग्रुप इन्शुरन्स आणि फंडाचं नॉमिनेशनही बघा. लग्नाआधी तिथं बहुतेक आईचं नाव असतं. हा विषय काढायला नव्या सुनेला जड जातं, म्हणून तो नवऱ्यानंच घरात काढावा. सासूबाईंचा वाटा राहू द्या, पण नोंद आजच्या घराप्रमाणे हवी.

स्टेटसवर नवऱ्याची बदली

ट्रेनमध्ये बसलेल्या नवऱ्याचा फोटो, खाली स्टेशनचं नाव, "मिस यू". कृपा करा, हे थांबवा. 2020 च्या जुलैत लष्करानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह 89 अ‍ॅप काढून टाकायला सांगितली. नवऱ्यानं अ‍ॅप काढायचं आणि बायकोनं त्याचा ठावठिकाणा जगाला सांगायचा, याला काय अर्थ आहे? अशाच एकीला फोन आला: "रेकॉर्ड ऑफिसमधून बोलतोय, साहेबांचे एरिअर्स अडकलेत." बोलणारा नवऱ्याचं नाव, युनिट सगळं अचूक सांगत होता, म्हणून तिनं विश्वासानं तो कुठं गेलाय, कधी येणार तेही सांगितलं आणि शेवटी ओटीपी दिला. खात्यातले पैसे गेले. युनिटची माहिती गेली, ती वेगळीच. अनोळखी फोनवर माझं उत्तर ठरलेलं आहे: "तुमचं नाव आणि नंबर द्या, मी रिअर पार्टीला विचारून कळवते." रिअर पार्टी म्हणजे युनिट बाहेर गेल्यावर मागे राहिलेली तुकडी. खोटा माणूस तिथंच फोन ठेवतो.

आणि नवऱ्याचा दोन दिवस फोन आला नाही म्हणून त्याच्या मित्रांना रात्री-बेरात्री उठवू नका. उंचावरच्या पोस्टवर रेंज नसते.

क्वार्टर

लग्न झालं की लगेच क्वार्टर मिळत नाही, यादी असते. त्यावरून नवऱ्याशी भांडून उपयोग नाही. मिळालं की मार्चिंग इनच्या, म्हणजे क्वार्टर ताब्यात घ्यायच्या, वेळी पडदे लावायची घाई करू नका. आधी नळ, पंखे, काचा, कड्या, गीझर एकेक चालवून बघा आणि जे मोडकं असेल ते एमईएसच्या (क्वार्टरची देखभाल करणाऱ्या लष्करी खात्याच्या) माणसासमोर यादीत लिहून घ्या. न बघता सही केलीत, तर मार्चिंग आऊटला, म्हणजे क्वार्टर सोडताना, आधीच्या लोकांनी फोडलेल्या काचेचे पैसे तुम्ही भरणार. फील्डची पोस्टिंग कळताच एसएफ क्वार्टरसाठी (नवरा फील्डमध्ये असताना कुटुंबाला मिळणाऱ्या घरासाठी) अर्ज टाका, त्यालाही वेटिंग असतं.

नवऱ्याची रँक अंगावर मिरवू नका. त्याच्या साहेबांच्या बायकोसमोर दबूनही राहू नका, "नमस्ते मॅम" म्हणा आणि सरळ बोला.

हिंदी मोडकी असली तरी युनिटमधल्या बायकांची फॅमिली मीट चुकवू नका. मराठी बायकांचाच घोळका करून बसलात, तर नवरा नसताना मध्यरात्री दार उघडणारी शेजारची पंजाबी भाभी तुम्हाला कधी ओळखीची होणारच नाही.

मुलं शाळेत असतील तर बदलीची मूव्ह ऑर्डर हातात पडताच दाखल्यासाठी शाळेत अर्ज द्या. पेट्या नंतरही भरता येतात.