पाड्यावरचे गाऱ्हाणे जिनिव्हापर्यंत कसे न्यावे

मुंबईच्या आरेतील एखाद्या पाड्यावरच्या वारली किंवा मल्हार कोळी महिलांना आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे मांडायचे असेल, तर मसुदा लिहिण्याआधी दार निवडावे, कारण चुकीच्या दाराशी दिलेला अर्ज कितीही खरा असला तरी तो दप्तरी दाखल होऊन तिथेच पडून राहतो.

कॅनडाच्या सँड्रा लव्हलेस यांचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो. आदिवासी नसलेल्या पुरुषाशी लग्न केल्यामुळे तिथल्या कायद्याने त्यांचा आदिवासी दर्जा काढून घेतला. आदिवासी पुरुषाचा मात्र तो तसा जात नसे. त्यांनी 1977 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली, समितीने 1981 मध्ये निर्णय त्यांच्या बाजूने दिला आणि 1985 मध्ये कायदा बदलला. दाखला उत्तम आहे, पण आपल्या कामाचा नाही. वैयक्तिक तक्रारीची मुभा देणारा पूरक करार भारताने स्वीकारलेला नाही, ना त्या समितीसाठी, ना महिला भेदभाव निर्मूलन समितीसाठी.

महिला भेदभाव निर्मूलनाचा मूळ करार मात्र भारताने 1993 मध्ये मान्य केला आहे. त्यामुळे सरकारचा अहवाल समितीपुढे येतो, तेव्हा महिलांच्या गटांना आपला पर्यायी अहवाल पाठवता येतो. समितीची 2022 ची सर्वसाधारण शिफारस क्रमांक 39 केवळ आदिवासी महिला व मुलींविषयी आहे; आपला प्रत्येक मुद्दा तिच्यातील कोणत्या परिच्छेदात बसतो, ते अहवालात लिहावे. सरकारच्या अहवालाची वाट पाहणे शक्य नसेल, तर आदिवासींच्या हक्कांविषयीच्या विशेष प्रतिवेदकाकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाकडे, केव्हाही पत्र पाठवता येते. त्यासाठी देशाने कोणताही करार मान्य केलेला असण्याची किंवा न्यायालयाच्या सर्व पायऱ्या चढून झाल्याची अट नाही, आणि माझ्या मते छोट्या पाड्यासाठी हाच मार्ग सर्वांत सोयीचा आहे. प्रत्यक्ष बोलायचे असेल, तर आदिवासींच्या प्रश्नांसाठीचा न्यूयॉर्कचा स्थायी मंच आणि त्यांच्या हक्कांविषयीची जिनिव्हाची तज्ज्ञ यंत्रणा आदिवासी संघटनांना संयुक्त राष्ट्रांकडे नोंदलेला सल्लागार दर्जा नसतानाही प्रवेश देतात, आणि प्रवासखर्चासाठी 1985 पासून संयुक्त राष्ट्रांचा ऐच्छिक निधी आहे.

शब्दांच्या बाबतीत सावध राहावे. भारताने 13 सप्टेंबर 2007 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले खरे, पण भारतातील सर्वच लोक मूळनिवासी आहेत, अशी सरकारची भूमिका आहे. पत्रात हा वाद उकरून काढू नये. ‘आदिवासी’ या शब्दाशेजारी ‘अनुसूचित जमाती’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे व्याख्येच्या आडोशाने उत्तर टाळता येत नाही. मुंबई अनुसूचित क्षेत्रात येत नाही, तेव्हा अशा क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचा आधार घेऊ नये. 2006 च्या वनहक्क कायद्याचा घ्यावा: त्यात पती-पत्नीच्या संयुक्त नावाने हक्क देण्याची तरतूद आहे.

खरा वेळ पुराव्यावर घालवावा. ‘आमच्या पाड्यावर पाण्याची टंचाई आहे’ हे वाक्य कोणत्याही पाड्याचे असू शकते. त्याऐवजी पाणी भरायला कोण जाते, पहाटे किती वाजता, किती हंडे, बिबट्याचा वावर असलेल्या कोणत्या वाटेने, आणि मीटर किंवा नळासाठीचा अर्ज कोणत्या तारखेला दिला, हे लिहावे आणि अर्जाची पोच जोडावी. मागणी एकच ठेवावी. जिचे नाव येणार आहे, तिला पूर्ण मसुदा तिच्या बोलीत वाचून दाखवावा; नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते, हेही सांगावे.

मंचावर साधारण तीन मिनिटे मिळतात आणि तिथल्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही. एका पाड्यावर आम्ही मोबाईलवर वेळ लावून सराव घेतला, तेव्हा पहिली दोन मिनिटे मान्यवरांना वंदन करण्यातच गेली आणि पाण्याचा हंडा शेवटच्या ओळीत येईपर्यंत वेळ संपली. वंदन एका ओळीत उरकावे, मागणी दुसऱ्या ओळीत आणावी आणि दुभाष्यासाठी इंग्रजी प्रत आधीच द्यावी.

प्रतिवेदकाने सरकारला पत्र लिहिले, तर ते सहसा 60 दिवसांनी जाहीर होते. ते उतरवून घ्यावे, त्याचे मराठी भाषांतर करावे आणि दोन्ही प्रती वांद्र्याच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात आवक शिक्का मारून दाखल कराव्यात.