सिसकंट्रोल: चालू लिनक्स कर्नलची सेटिंग टर्मिनलवरून वाचणं आणि बदलणं

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) वागण्यातल्या शेकडो गोष्टी यंत्र बंद न करता बदलता येतात: स्वॅपकडे (मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेकडे) कधी वळायचं, एका नेटवर्क इंटरफेसवर आलेलं पॅकेट दुसऱ्यावरून पुढे पाठवायचं की नाही, लिहायचा डेटा मेमरीत किती साठू द्यायचा. ही सगळी सेटिंग /प्रॉक/सिस या डिरेक्टरीत फाइलींसारखी दिसतात, पण त्या फाइली डिस्कवर नसतात. तुम्ही फाइल वाचता तेव्हा कर्नल मेमरीतली त्या क्षणाची किंमत सांगतो. तुम्ही लिहिता तेव्हा ती किंमत तिथल्या तिथे लागू होते आणि रीबूट झालं की पुसली जाते. कायमच्या किमती वेगळ्या फाइलींत असतात आणि त्या यंत्र सुरू होताना वाचल्या जातात. चालू किंमत एकीकडे आणि फाइलीतली दुसरीकडे, हे डोक्यात पक्कं ठेवा. या कामातले बरेचसे घोळ ही दोन्ही एकच समजल्यामुळे होतात.

टाइप करण्याबद्दल आधी सांगतो. खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी छोट्या लिपीत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या. ही सेटिंग वाचणारी आणि बदलणारी कमांड म्हणजे सिसकंट्रोल. तिची अक्षरं सहाच: एस, वाय, एस, सी, टी, एल. प्रॉक म्हणजे पी-आर-ओ-सी, सिस म्हणजे एस-वाय-एस. टिंब, तिरकी रेघ, अधोरेखा आणि बरोबरचं चिन्ह जसंच्या तसं.

आधी वाचा

एकच किंमत हवी असेल तर नाव दिलं की पुरे:

सिसकंट्रोल व्हीएम.स्वॅपीनेस

उत्तर बहुतेक यंत्रांवर ‘व्हीएम.स्वॅपीनेस = ६०’ असं येतं. नावाशिवाय फक्त आकडा हवा असेल, उदाहरणार्थ स्क्रिप्टमध्ये, तर -एन जोडा. हेच सेटिंग /प्रॉक/सिस/व्हीएम/स्वॅपीनेस या फाइलीत आहे आणि कॅट या फाइल छापणाऱ्या कमांडनेही वाचता येतं. नावातल्या टिंबाच्या जागी तिरकी रेघ घातली की फाइलीचा पत्ता मिळतो. पहिला शब्द गट सांगतो: व्हीएम म्हणजे मेमरी, नेट म्हणजे नेटवर्क, एफएस म्हणजे फाइल सिस्टीम, आणि कर्नल या गटात बाकीचं पुष्कळसं.

टिंबाचा हा नियम एके ठिकाणी अडतो. व्हीलॅनच्या (एकाच नेटवर्कमधून वेगळ्या काढलेल्या आभासी नेटवर्कच्या) इंटरफेसचं नाव ईटीएच०.१०० असं असेल तर त्यातलं टिंब नावाचंच आहे, पण सिसकंट्रोल ते विभाजक समजतो. अशा वेळी पूर्ण नाव तिरक्या रेघांनी लिहा: नेट/आयपीव्ही४/कॉन्फ/ईटीएच०.१००/फॉरवर्डिंग. पहिला विभाजक तिरकी रेघ असला की पुढची टिंबं तशीच राहतात.

सगळी यादी -ए ने मिळते. काही किमती फक्त रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यालाच दिसतात, म्हणून रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारा सुडो लावा. बदल करण्याआधी ही यादी फाइलीत उतरवून ठेवा:

सुडो सिसकंट्रोल -ए > आधी.टीएक्सटी

काम झाल्यावर दुसरी यादी काढा आणि डिफने दोन्ही ताडून पाहा. तुम्ही न बदललेल्या काही ओळीही फरकात दिसतील. एफएस.फाइल-एनआर हा उघड्या फाइलींचा चालू हिशोब आहे, तर कर्नल.रँडम.यूयूआयडी प्रत्येक वाचनाला नवी किंमत देतो. त्या सोडून द्या.

लिनक्सवरचा सिसकंट्रोल सेटिंगचा अर्थ सांगत नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर -डी दिला की प्रत्येक नावापुढे वर्णन येतं. ती सोय इथे नाही. अर्थ कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात, अॅडमिन-गाइडखालच्या सिसकंट्रोल विभागात सापडतो. तुमच्या कर्नलच्या आवृत्तीचाच दस्तऐवज वाचा, कारण किमतींच्या मर्यादा बदलत राहतात. स्वॅपीनेसची कमाल पूर्वी १०० होती, ५.८ पासून ती २०० आहे. नेट.आयपीव्ही४.टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकल हे सेटिंग तर ४.१२ मध्ये काढूनच टाकलं. ते सुचवणारी यादी समोर आली तर ती किती जुनी आहे ते तेवढ्यावरून समजा आणि तिच्यातल्या बाकीच्या ओळीही तपासल्याशिवाय घेऊ नका.

चालू किंमत बदलणं

सुडो सिसकंट्रोल -डब्ल्यू व्हीएम.स्वॅपीनेस=१०

बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका. एका सेटिंगला एकाहून जास्त आकडे लागत असतील तर अवतरणचिन्हं हवीत, नाहीतर शेल (टर्मिनलवरच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) दुसरा आकडा वेगळा शब्द समजतो:

सुडो सिसकंट्रोल -डब्ल्यू नेट.आयपीव्ही४.आयपी_लोकल_पोर्ट_रेंज="३२७६८ ६०९९९"

एकोने थेट फाइलीतही लिहिता येतं, पण ‘सुडो एको १० > /प्रॉक/सिस/व्हीएम/स्वॅपीनेस’ असं केलं तर परवानगी नाकारली जाते. सुडोचा अधिकार फक्त एकोला मिळतो. फाइल उघडायचं काम तुमचा शेल करतो आणि तो रूट नसतो. त्याऐवजी (इथे टी म्हणजे टी-ई-ई ही कमांड):

एको १० | सुडो टी /प्रॉक/सिस/व्हीएम/स्वॅपीनेस

बदल केल्यावर किंमत पुन्हा वाचा. -डब्ल्यू नंतर छापली जाणारी ओळ तुम्ही दिलेला आकडाच परत दाखवते; कर्नलने काय ठेवलं ते वेगळं वाचूनच कळतं.

चुकलं तर तीनपैकी एक संदेश बहुधा दिसतो. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे नाव चुकलं, किंवा ते सेटिंग आणणारं मॉड्यूल (कर्नलमध्ये गरजेनुसार चढवायचा भाग) अजून चढलेलं नाही, किंवा या कर्नलमध्ये ते सेटिंगच नाही. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे सुडो राहिला किंवा सेटिंग फक्त वाचण्यासाठी आहे. ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेला.

काही सेटिंग एकाच दिशेने फिरतात. कर्नल.मॉड्यूल्स_डिसेबल्ड एकदा १ केलं की रीबूटशिवाय ० करता येत नाही, आणि तोवर एकही नवं मॉड्यूल चढत नाही. व्हीएम.मिन_फ्री_केबाइट्स दोन्ही दिशांना फिरतं, पण आकडा फार मोठा दिला तर कर्नल तेवढी मेमरी मोकळी राखायला जातो आणि चालू प्रोग्राम मारू लागतो. अशा सेटिंगचा प्रयोग कामाच्या यंत्रावर करू नका.

दूरच्या यंत्रावर नेटवर्कचं सेटिंग बदलायचं असेल तर आधी परतीची वाट बांधा. समजा आरपी_फिल्टरची (आलेल्या पॅकेटचा पाठवणाऱ्याचा पत्ता तपासणाऱ्या सेटिंगची) चालू किंमत ० आहे आणि ती १ करून पाहायची आहे:

सुडो सिस्टमडी-रन --ऑन-अॅक्टिव्ह=५एम सिसकंट्रोल -डब्ल्यू नेट.आयपीव्ही४.कॉन्फ.ऑल.आरपी_फिल्टर=०

आता ५ मिनिटांनी जुनी किंमत आपोआप परत येईल, तुमचं लॉगिन तुटलेलं असलं तरीही. मग बदल करा. संपर्क टिकला तर कमांडने सांगितलेल्या नावाचा टायमर सिस्टमसीटीएल स्टॉपने थांबवा.

कायम ठेवणं

बदल निदान एकदा खऱ्या कामाच्या भाराखाली चालवून पाहा, मगच तो फाइलीत लिहा. तोवर रीबूट ही तुमची सुटकेची वाट आहे. फाइलीत लिहिलं की ती बंद होते. /ईटीसी/सिसकंट्रोल.डी मध्ये स्वतःची फाइल करा, समजा ९०-मेमरी.कॉन्फ, आणि ओळ लिहा:

व्हीएम.स्वॅपीनेस = १०

फाइलीत बरोबरच्या चिन्हाभोवती जागा चालते. टिपणासाठी ओळीच्या सुरुवातीला हॅश द्या, आणि जुनी किंमत व बदलाचं कारण तिथेच लिहा. शेवटी .कॉन्फ हवंच, नसेल तर फाइल वाचलीच जात नाही आणि कुठली तक्रारही येत नाही. मग लागू करा:

सुडो सिसकंट्रोल --सिस्टम

ही कमांड कोणती फाइल कोणत्या क्रमाने घेतली ते छापते. फाइली /ईटीसी, /रन आणि /यूएसआर/लिब अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या सिसकंट्रोल.डी मधून येतात, पण क्रम लागतो तो फक्त नावाने. एकच सेटिंग दोन फाइलींत असेल तर नावाच्या क्रमात नंतर येणारी जिंकते. म्हणून १०-मेमरी.कॉन्फ मधली तुमची किंमत ५०-काहीतरी.कॉन्फ सहज पुसू शकतं, मग ती फाइल /यूएसआर/लिब मध्ये का असेना. मात्र /ईटीसी आणि /यूएसआर/लिब मध्ये एकाच नावाची फाइल असेल तर /यूएसआर/लिब मधली पूर्ण फाइल बाजूला पडते. पॅकेजने आणलेल्या फाइलीला हात न लावता तिला निष्प्रभ करायचं असेल तर हाच मार्ग.

-पी हा पर्याय नुसता दिला तर फक्त /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ वाचतो, तुमची नवी फाइल त्याला दिसत नाही. उलटही घडतं. बूटच्या वेळी किमती लावणारी सिस्टमडी-सिसकंट्रोल ही सेवा /ईटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ स्वतःहून वाचत नाही. डेबियनमध्ये सिसकंट्रोल.डी खालच्या एका दुव्यामुळे ती फाइल वाचली जायची; डेबियन १३ पासून तसं होत नाही. तिथे जुन्या सवयीने त्या फाइलीत लिहून -पी चालवलं तर सगळं ठीक वाटतं आणि पुढच्या रीबूटला बदल गायब होतो.

फाइलीतून ओळ काढली म्हणून चालू किंमत मागे जात नाही. जुना आकडा -डब्ल्यूने लिहा किंवा रीबूट करा. आधी.टीएक्सटी इथे कामी येते.

मॉड्यूलशी बांधलेल्या सेटिंगचं दुखणं वेगळं. नेट.ब्रिज.ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स हे नाव बीआर_नेटफिल्टर मॉड्यूल चढल्यावरच अस्तित्वात येतं. हाताने कमांड दिली की चालते, कारण तोवर कुणीतरी मॉड्यूल चढवलेलं असतं. बूटच्या वेळी ते नसतं. मॉड्यूलचं नाव /ईटीसी/मॉड्यूल्स-लोड.डी मधल्या .कॉन्फ फाइलीत लिहा. ती फाइल सिसकंट्रोलच्या सेवेआधी वाचली जाते.

फाइल बरोबर, क्रम बरोबर, तरी किंमत टिकत नसेल तर ती नंतर दुसरंच कुणी लिहितंय. ट्यून्डसारखी सेवा आपल्या प्रोफाइलनुसार किमती बदलते. कंटेनर (यंत्रातच वेगळ्या कप्प्यात चालणारे प्रोग्राम) चालवणारं सॉफ्टवेअर आयपी_फॉरवर्ड स्वतःहून १ करतं. कंटेनरच्या आत तर नेट गटातल्या बहुतेक किमती त्या नेमस्पेसच्या (त्या कप्प्याच्या) स्वतःच्या असतात. यजमान यंत्रावर बदललेला आकडा तिथे दिसेलच असं नाही.

नेमकं कोणतं सेटिंग?

‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा संदेश आला की पुष्कळजण एफएस.फाइल-मॅक्स वाढवतात आणि काहीच फरक पडत नाही. तो संदेश एका प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) मर्यादेचा आहे. ती यूलिमिट -एन ने दिसते, आणि सेवेसाठी सिस्टमडीच्या युनिटमध्ये लिमिटएनओफाइलने वाढवायची असते. फाइल-मॅक्स पूर्ण यंत्राची मर्यादा आहे. ती संपली तर संदेशात शेवटी ‘इन सिस्टम’ हे शब्द येतात.

फाइलींवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ म्हणतो आणि डिस्कवर जागा तर भरपूर असते, तेव्हा एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_यूझर_वॉचेस पाहा. जुन्या कर्नलवर ते ८१९२ असतं, ५.११ पासून मेमरीच्या प्रमाणात, कमाल १०४८५७६.

स्वॅपीनेस ० केलं तरी स्वॅप बंद होत नाही. मेमरी अगदी आटली की कर्नल तरीही तिकडे वळतो. डिस्कवर लिहायचा डेटा मेमरीत किती साठू द्यायचा ते ठरवणारं व्हीएम.डर्टी_बाइट्स लिहिलं की डर्टी_रेशो ० दिसू लागतं. घाबरू नका: दोन्ही एकाच मर्यादेची रूपं आहेत आणि एका वेळी एकच चालतं.

नेटवर्कमध्ये ‘ऑल’ आणि ‘डिफॉल्ट’ यांची गल्लत नको. डिफॉल्टची किंमत यापुढे तयार होणाऱ्या इंटरफेसना मिळते. ऑलचा अर्थ सेटिंगगणिक बदलतो: आरपी_फिल्टरसाठी ऑल आणि त्या इंटरफेसची किंमत यांतली मोठी धरली जाते, म्हणून ऑल १ असताना एकाच इंटरफेसवर ० लिहून तपासणी बंद होत नाही. नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड बदललं की नेटवर्कची इतर काही सेटिंग यजमान किंवा राउटरच्या मूळ किमतींवर परत जातात. फाइलीत ती ओळ सगळ्यांत आधी ठेवा. आणि टीसीपीची सेटिंग नावाने आयपीव्ही४ खाली असली तरी आयपीव्ही६ वरच्या टीसीपीलाही लागू होतात.

फाइलीतल्या किमतीमुळे यंत्र नीट सुरूच होत नसेल तर बूटलोडरमध्ये कर्नलच्या ओळीशेवटी हे जोडा:

सिस्टमडी.मास्क=सिस्टमडी-सिसकंट्रोल.सर्व्हिस

त्या एका बूटपुरती सिसकंट्रोलची एकही फाइल ही सेवा लागू करत नाही. लॉगिन करा, चुकलेली ओळ काढा आणि पुन्हा रीबूट करा.