ऑस्ट्रेलियाचा स्किल्ड व्हिसा: नागपुरात बसून पॉइंट आणि कागद कसे जमवायचे

माझा धाकटा भाऊ बुटीबोरीला मेंटेनन्सला आहे, मेकॅनिकल, इथल्याच कॉलेजमधून बीई. एके दिवशी जेवता जेवता म्हणाला, ताई मला ऑस्ट्रेलियाला जायचंय आणि गेलो तर पीआर (तिथे कायम राहायची परवानगी) घेऊनच जाईन. तेव्हापासून त्याचा एकेक कागद माझ्या हातून गेलाय म्हणून हे लिहून ठेवतेय, कारण सुरुवातीला आम्हाला असं सगळं एका जागी मराठीत कुठे मिळालंच नव्हतं. आम्ही आधी शहरातल्या एका एजंटकडे गेलो होतो, त्याने पाच मिनिटांत "काम झालंच समजा" म्हणून अ‍ॅडव्हान्स मागितला, पण वय किती, इंग्रजीच्या परीक्षेचे बँड म्हणजे गुण किती, अनुभव किती वर्षांचा यातलं एक अक्षर विचारलं नाही. आम्ही उठून आलो. तुम्हीही जो माणूस हे तीन प्रश्न विचारत नाही त्याच्याकडे पैसे ठेवू नका.

आधी कोणता व्हिसा ते समजून घ्या. १८९ म्हणजे स्वतःच्या जोरावर, कोणाचा टेकू नाही, पहिल्या दिवसापासून पीआर. १९० म्हणजे एखादं राज्य तुमचं नाव पुढे करतं, हाही पीआरच. ४९१ हा पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा, त्यात रीजनल म्हणजे सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन सोडून बाकीच्या भागात राहायचं आणि तीन वर्षं तिथे राहून कमाई दाखवली की १९१ नावाच्या व्हिसातून पीआरचा रस्ता उघडतो. १८९ ला नोकरीची ऑफर लागत नाही, हे बऱ्याच लोकांना खरंच वाटत नाही. बाकी दोघांत राज्याराज्याच्या अटी वेगळ्या असतात, काही राज्यं काही कामांसाठी तिथली नोकरी मागतात. तिन्हीसाठी वय ४५ च्या आत पाहिजे आणि किमान ६५ पॉइंट.

पॉइंट स्वतः मोजा

वहीचं एक पान घ्या. वय २५ ते ३२ असेल तर ३० पॉइंट, १८ ते २४ आणि ३३ ते ३९ ला २५, आणि ४० ते ४४ ला फक्त १५. पदवीला १५, पीएचडीला २०. भारतातला कामाचा अनुभव तीन वर्षांच्या वर असेल तर ५, पाचच्या वर १०, आठच्या वर १५, आणि तो मागच्या दहा वर्षांतला पाहिजे आणि तुमच्या कामाशी जुळणारा पाहिजे. इंग्रजीत आयईएलटीएस या परीक्षेला चारही भागांत ६ म्हणजे पात्र पण पॉइंट शून्य, चारही भागांत ७ म्हणजे १०, चारही भागांत ८ म्हणजे २०. लग्न झालेलं नसेल तर १० मिळतात. नवरा किंवा बायकोचंही ऑस्ट्रेलियाच्या कामांच्या यादीतलं काम असेल, त्यांचंही स्किल असेसमेंट (पदवी आणि कामाची तपासणी, पुढे सांगते) झालेलं असेल आणि इंग्रजी असेल तरी १०, नुसतं इंग्रजी ६ बँडचं असेल तर ५. राज्याने नाव दिलं तर १९० ला ५ आणि ४९१ ला १५ असे जास्तीचे मिळतात.

भावाचं गणित असं होतं: वयाचे ३० पॉइंट, बीई १५, पाच वर्षांवर अनुभव १०, लग्न नाही म्हणून १०, हे झाले ६५. म्हणजे इंग्रजीचा एकही पॉइंट न धरता तो पात्र होता आणि घरात सगळे खूश झाले. पण ६५ म्हणजे फक्त रांगेत उभं राहायची परवानगी. व्हिसाचा अर्ज भरायचं बोलावणं वरच्या पॉइंटपासून खाली येतं आणि इंजिनिअर मंडळींना १८९ मध्ये बरेचदा ८५-९० च्या घरात असल्याशिवाय नंबर लागत नाही. ६५ वर बसून वाट बघत राहिलात तर वर्षं जातील आणि तोवर वयाचे पॉइंट कमी होतील.

मला वाटतं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथेच आहे. वय तुमच्या हातात नाही, पदवी होऊन गेली, अनुभव त्याच्या गतीने वाढणार, तेव्हा सहा महिन्यांत जो आकडा हलवता येतो तो फक्त इंग्रजीचा आहे. शून्याचे वीस होतात.

इंग्रजी आधी

भावाला पहिल्या वेळी लिसनिंग ८.५, रीडिंग ८.५, स्पीकिंग ८ आणि रायटिंग ७.५ आले. सरासरी बघून आम्ही पेढे आणायचे बाकी होते, पण पॉइंट सरासरीवर नसतात, सगळ्यात कमी बँड धरतात, म्हणजे त्याला फक्त १० मिळाले. अर्ध्या बँडने दहा पॉइंट गेले. मग त्याने दोन महिने दुसरं काही केलं नाही, रोज ड्युटीवरून आला की एक निबंध घड्याळ लावून चाळीस मिनिटांत, आणि मी लाल पेनने फक्त एकच गोष्ट बघायची की प्रश्नात जे विचारलंय त्याचं उत्तर दिलंय का. त्याचं इंग्रजी चांगलंच होतं, पण तो विषय सोडून भरकटायचा. पुढच्या परीक्षेत ८ आले.

परीक्षा सेंटरवर जाऊनच द्यावी लागते, घरून दिलेली ऑनलाइन चालत नाही. फी सतरा-अठरा हजारांच्या आसपास आहे, म्हणून तयारीशिवाय "एकदा देऊन बघू" करू नका. पीटीई ही दुसरी इंग्रजी परीक्षा देणार असाल तर ७ ऑगस्ट २०२५ पासून त्याचे आकडे बदललेत, आता चारही भागांना वेगवेगळा स्कोअर लागतो, तेव्हा ओळखीतल्या कोणी जुना आकडा सांगितला तर त्यावर विसंबू नका. पॉइंटसाठी निकाल बोलावणं येण्याच्या आधीच्या तीन वर्षांतला पाहिजे.

नावाचा घोळ आत्ताच सोडवा

आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात, आणि आधारवर तिसरंच काहीतरी स्पेलिंग. भारतात कोणी अडवत नाही म्हणून आपलं लक्षच जात नाही. एका रविवारी सगळे कागद पलंगावर पसरा, दहावी, बारावी, डिग्री, पासपोर्ट, पॅन, पीएफ, ऑफर लेटर, आणि एकेक अक्षर जुळवा. क्रम वेगळा असेल तर समजावता येतं, पण स्पेलिंग वेगळं असेल तर दुरुस्ती करून घ्या किंवा दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी मॅरेज सर्टिफिकेट, आणि गॅझेट केलं असेल तर तेही, फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. डिग्री २००५ च्या आधीची असेल तर त्यावर नुसतं नागपूर विद्यापीठ असेल, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज हे नाव त्या वर्षी जोडलं गेलं, तर फॉर्ममध्ये डिग्रीवर जसं छापलंय तसंच लिहा.

आणि स्कॅन मूळ कागदाचं, रंगीत. झेरॉक्सवरून स्कॅन करू नका, बुल्डीच्या दुकानात गेलात तर आधीच सांगा की कलर पाहिजे आणि कोपरे कापले जायला नको.

स्किल असेसमेंट म्हणजे नेमकं काय

तुमचं काम यादीत असायला पाहिजे आणि प्रत्येक कामाला एक कोड असतो, मेकॅनिकल इंजिनिअरचा २३३५१२, सिव्हिलचा २३३२११, सॉफ्टवेअर इंजिनिअरचा २६१३१३. मग त्या कामाची जी संस्था ठरलेली असते ती तुमची पदवी आणि काम तपासते. इंजिनिअरला इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, आयटीवाल्यांना एसीएस, नर्सला एएनएमएसी, आणि आयटीआय केलेले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असतील तर ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया. आयटीआयवाल्यांना मुद्दाम सांगते, हा व्हिसा फक्त बीईवाल्यांचा नाही.

भारत २०१४ साली वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांत मानणाऱ्या देशांच्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, त्यामुळे तुमचा कोर्स तुम्ही शिकलात त्या वर्षी एनबीएच्या (कोर्सना मान्यता देणारी आपली संस्था) टियर वन मान्यतेत असेल तर रस्ता सोपा आहे, कॉलेजात जाऊन विचारा. नसेल तर सीडीआर, म्हणजे स्वतःच्या इंजिनिअरिंग कामाचा अहवाल, लिहावा लागतो. त्यात तीन करिअर एपिसोड म्हणजे स्वतःच्या कामाचे प्रसंग, प्रत्येक हजार ते अडीच हजार शब्दांचा, परिच्छेदांना नंबर, आणि शेवटी एक समरी जिच्यात कोणती क्षमता कोणत्या परिच्छेदात दिसते ते दाखवायचं. सोबत तुम्ही नवीन काय काय शिकलात त्याची यादी.

भावाचं गाडं इथे अडलं होतं. त्याने पहिला एपिसोड लिहून मला वाचायला दिला, मे महिन्यात कूलिंग टॉवरचा पंप हादरत होता ती गोष्ट, बाहेर ४५ डिग्री आणि प्लांट बंद करायची सोय नाही. चार पानं होती आणि प्रत्येक वाक्य "आम्ही". आम्ही तपासलं, आम्ही ठरवलं, टीमने दुरुस्त केलं. मी म्हटलं, "अरे पण तू काय केलंस?"

"काऊन ताई, सगळ्यांनी मिळूनच तर केलं."

"व्हायब्रेशनचं रीडिंग कोणी घेतलं?"

"मीच घेतलं."

"मग अलाइनमेंटकडे बघायचं कोणाला सुचलं?"

तेव्हा तो सांगायला लागला, की सगळे बेअरिंग बदला म्हणत होते, पण रीडिंगचा पॅटर्न त्याला बेअरिंगचा वाटला नाही, म्हणून त्याने मोटरच्या चारही पायांचे बोल्ट एकेक करून ढिले करून बघितले तर एक पाय बेसप्लेटवर नीट टेकतच नव्हता, खाली फट होती. त्याने फीलर गेजने ती फट मोजली, तेवढ्या जाडीची शिम म्हणजे पातळ पट्टी टाकली, परत अलाइनमेंट घेतलं आणि हादरा थांबला. मी म्हटलं, हेच लिही, असंच, "मी" म्हणून. आपल्याला लहानपणापासून मी-मी करू नये असं शिकवलंय आणि ते चांगलंच आहे, पण तिकडच्या तपासणाऱ्याला टीमचा व्हिसा द्यायचा नाहीये, त्याला एका माणसाने विचार कसा केला ते बघायचंय. फार आकडेमोड आणि फोटोही नकोत, निर्णय दिसायला हवा.

सीडीआर विकत मिळतात, तयार नमुनेही फिरतात. घेऊ नका. तिकडे सॉफ्टवेअरने तपासतात आणि नक्कल सापडली तर अर्ज तर जातोच, वरून काही काळ बंदीही येते.

अनुभवाचा पुरावा

कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लागतं, त्यात हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य म्हणजे तुम्ही रोज काय काम करता ते. नुसतं "यांचं वर्तन चांगलं होतं" असं एक्स्पीरियन्स लेटर कामाचं नाही. पत्रासोबत तिसऱ्या ठिकाणचे पुरावे जोडा: फॉर्म १६, २६एएस, बँक स्टेटमेंट, पीएफचं पासबुक. हिंगण्याच्या लहान वर्कशॉपमध्ये रोख पगारावर काढलेली वर्षं इथे दाखवणं कठीण जातं, त्यामुळे अजून नोकरीच्या सुरुवातीला असाल तर पगार बँकेत आणि पीएफ चालू असा आग्रह आजपासून धरा. खोटं पत्र मात्र कोणाकडूनही घेऊ नका, खोटे कागद सापडले तर तीन वर्षं बहुतेक व्हिसे बंद होतात.

ईओआय आणि बोलावणं

असेसमेंट आणि इंग्रजी हातात आलं की ऑस्ट्रेलिया सरकारच्या स्किलसिलेक्ट या साइटवर ईओआय, म्हणजे व्हिसा हवा असल्याची नोंद, भरायचा, तो फुकट आहे आणि दोन वर्षं टिकतो. मधे पॉइंट वाढले तर बदलता येतो. तुमचं वय आणि बाकी पॉइंट बोलावणं आलं त्या दिवशीचे धरतात, म्हणून ३३ वा वाढदिवस जवळ आला असेल तर त्याआधी सगळं आत पाहिजे. जे सिद्ध करता येत नाही तो पॉइंट मागू नका, एक महिना अनुभव कमी पडत असेल तर थांबा, कारण बोलावणं आल्यावर ते खोटं ठरलं तर व्हिसा नाकारतात आणि भरलेली फी परत येत नाही. ही फी मुख्य अर्जदाराला २०२५-२६ साली ४,९१० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि दर वर्षी साधारण १ जुलैला वाढते.

बोलावणं आल्यापासून ६० दिवस मिळतात. अर्ज तुम्ही स्वतः इमीअकाउंटवरून, म्हणजे तिथल्या सरकारच्या साइटवरच्या आपल्या खात्यातून, भरू शकता. पोलीस क्लिअरन्स आपल्या पासपोर्ट सेवा केंद्रातून निघतं, पण पत्ता बदलला असेल तर पोलीस चौकशीत वेळ जातो, आधीच बघा. मेडिकल कोणत्याही डॉक्टरकडे चालत नाही, ऑस्ट्रेलिया सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडेच करावं लागतं, आणि त्यासाठी मिळालेला एचएपी हा मेडिकलचा नंबर सोबत न्या. नवरा-बायकोपैकी दुसऱ्याचं इंग्रजी सिद्ध झालं नाही तर वेगळी मोठी फी लागते, पण त्यांची पदवी इंग्रजी माध्यमातली असेल तर कॉलेजचं तसं पत्र घेऊन ती वाचवता येते, हे लोकांना फार उशिरा कळतं.

एजंट घ्यायचाच असेल तर त्याचा सात आकडी एमएआरएन, म्हणजे एजंटच्या नोंदणीचा नंबर, मागा आणि ऑस्ट्रेलिया सरकारच्या रजिस्टरवर नाव स्वतः शोधा, आणि तुमच्या खात्याचे पासवर्ड तुमच्याकडे ठेवा.

ग्रँट लेटर आलं की आधी त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर पासपोर्ट शेजारी ठेवून जुळवा, मग ऑस्ट्रेलियात पहिलं पाऊल कोणत्या तारखेच्या आत ठेवायचंय ते बघून ती तारीख कॅलेंडरवर लिहा. मधे पासपोर्ट नवा केला तर नवा नंबर इमीअकाउंटमध्ये टाका, तिकीट त्यानंतर काढा.