स्तोत्र ३० कसं वाचायचं: आनंदाच्या आधी संकट शोधा

बायबलमधली आभाराची स्तोत्रं सगळ्यांना आवडतात, पण वाचताना सगळ्यात जास्त घाई त्यांच्यातच होते. विलापाचं स्तोत्र असलं की आपण थांबतो, हा माणूस असं का म्हणतोय याचा विचार करतो, आणि आभाराचं असलं की एखादी ओळ छान वाटली, स्टेटसला टाकली, झालं. "रात्री रडणं मुक्कामाला आलं तरी सकाळी हर्ष होतो" या अर्थाची ओळ कितीतरी ख्रिस्ती घरांत भिंतीवर दिसते. ती स्तोत्र ३० मधली, आणि ते स्तोत्र फक्त १२ वचनांचं आहे, तरी सलग वाचलेले लोक कमीच भेटतात. म्हणून हेच स्तोत्र घेऊन कसं वाचायचं ते सांगते, बाकीच्या आभारस्तोत्रांनाही हीच पद्धत लावता येते.

माझं म्हणणं एवढंच आहे की आभाराचं स्तोत्र म्हणजे साक्ष, आणि साक्ष कळायची असेल तर माणूस कशातून सुटला ते आधी कळलं पाहिजे.

पायरी १: मोठ्याने वाचा आणि तो कोणाशी बोलतोय ते बघा

भाष्यग्रंथ, प्रवचनाचे व्हिडिओ सगळं बाजूला ठेवा, बायबल उघडा आणि सगळी १२ वचनं आवाज करून वाचा. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घ्या. वचन १ ते ३ स्तोत्रकार देवाशी बोलतोय, वचन ४ आणि ५ मध्ये अचानक तोंड लोकांकडे वळतं, की भक्तांनो, तुम्ही पण गा. वचन ६ ला तो स्वतःची मागची गोष्ट काढतो, ७ पासून पुन्हा देवाशी बोलणं सुरू, आणि ९-१० मध्ये तर संकटात असताना केलेली विनवणीच जशीच्या तशी म्हणून दाखवतो. शेवटची दोन वचनं परत आभाराची. हे एवढं समासात लिहिलं तरी अर्धं काम झालं, कारण आता कुठली ओळ कोणत्या प्रसंगातली आहे ते दिसायला लागतं.

पायरी २: संकट शोधा

इथे घाई करू नका. वचन २ मध्ये "तू मला बरं केलंस", वचन ३ मध्ये अधोलोकातून, म्हणजे मेलेल्यांच्या जागेतून, वर आणलंस, गर्तेत उतरणाऱ्यांतून मला वाचवलंस, वचन ९ मध्ये "माझी माती झाली तर ती माती तुझी स्तुती करेल का?" म्हणजे दुखणं साधं नव्हतं, माणूस मरायला टेकला होता. वैरी हसतील ही भीती पण वचन १ मध्येच आहे, आजारपणात कोण आपल्यावर टपून बसलंय हे माणसाला बरोबर कळतं.

आता एक गोष्ट बघा जी पटकन वाचताना सुटते: गोष्ट दोनदा सांगितली आहे. पहिल्या तीन वचनांत थोडक्यात, की बुडत होतो, हाक मारली, वाचलो. मग ६ ते ११ मध्ये तीच गोष्ट पुन्हा, पण या वेळी आतली बाजू उघडी करून. सगळं चांगलं चाललं होतं तेव्हा तो म्हणत होता की मी कधीच ढळणार नाही, डोंगरासारखा पक्का उभा होता, आणि देवाने मुख लपवलं तसा घाबरून गेला. पहिल्या वेळी हे सांगितलं नव्हतं, लोकांना गायला बोलावल्यानंतर सांगतो. मला हा या स्तोत्रातला सगळ्यात धीट भाग वाटतो.

पण यावरून आजार म्हणजे पापाची शिक्षा असा नियम काढू नका. वचन ५ मध्ये देवाच्या रागाचा उल्लेख आहे हे खरं, तरी स्तोत्रात एकाही पापाचं नाव घेतलेलं नाही, आणि हा माणूस स्वतःबद्दल बोलतोय, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटबद्दल नाही.

पायरी ३: ओळी जोडीने वाचा

हिब्रू कवितेत ओळी बहुतेक जोडीने चालतात, पहिली काही म्हणते आणि दुसरी तेच वाढवते नाहीतर त्याच्या समोर उलटं काहीतरी ठेवते. वचन ५ मध्ये अशा दोन जोड्या लागोपाठ आहेत: राग क्षणभर, कृपा आयुष्यभर, रडणं रात्रीपुरतं, हर्ष सकाळी. दुसरी जोडी पहिलीच्या शेजारी ठेवूनच वाचायची. मग कळतं की रात्र म्हणजे घड्याळातले बारा तास नाहीत, कृपेच्या मानाने दुःखाचा काळ लहान ठरला एवढं तो सांगतोय. आणि हे तो सकाळ झाल्यावर सांगतोय, हे विसरू नका.

पायरी ४: समोर कोण बसलंय ते आठवा

हा माणूस लोकांना का बोलावतो? त्याचं उत्तर बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या ७ व्या अध्यायात सापडतं. उपकारस्तुतीचं अर्पण केलं तर त्याचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही, आणि सोबत तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या आणि खमीर घातलेली भाकरी पण. एवढं सगळं एकट्याने एका दिवसात संपणार कसं? साहजिकच माणसं जमवायची, त्यांच्यासोबत जेवायचं, आणि जमलेल्यांना सांगायचं की माझ्यासोबत देवाने काय केलं. अशी स्तोत्रं या जेवणाच्या आसपासची आहेत असं बरेच अभ्यासक मानतात आणि मला ते पटतं.

आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत हे नवीन नाही. ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवतात, हॉलमधलं फर्निचर सरकवून सतरंज्या टाकतात, दोन-तीन गीतं होतात आणि मग ज्याच्यासाठी ठेवलीये तो भिंतीला धरून उभा राहतो, साक्ष देतो, डॉक्टर काय म्हणाले, कुठल्या रात्री आशा सोडली होती, सगळं. एखादे काका तर शर्ट वर करून टाके पण दाखवतात. नंतर चहा, केक, पुलाव. कोकणातले बेने इस्राएल लोक, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी, नवस फेडताना मलिदा करतात, गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू हन्नाबीची (एलिया संदेष्ट्याची) आठवण, आणि तो सगळ्यांनी मिळून खायचा, त्यातही हेच आहे. स्तोत्र ३० या माणसांच्या मध्ये बसून ऐका, वचन ४ लगेच जागेवर बसतं.

पायरी ५: अवघड वचन गाळू नका

वचन ९ प्रवचनात फार कमी ऐकू येतं. मी मेलो तर तुझा काय फायदा, असं तो देवाला सरळ विचारतो. ही घासाघीस ऐकून आपण ओशाळतो, पण तो ओशाळलेला नाही. त्या काळच्या समजुतीत अधोलोक म्हणजे जिथे स्तुती बंद पडते अशी जागा, स्तोत्र ६, ८८ आणि ११५ मध्ये पण हेच येतं. यशया ३८ सोबत ठेवून वाचा: हिज्कीया राजा मरणाच्या दारातून परत येतो, त्याला १५ वर्षं वाढवून मिळतात, आणि तो पण म्हणतो की अधोलोक तुझे आभार मानत नाही, जिवंत माणूसच मानतो. पुनरुत्थानाची आशा इथे आधीच घुसवली तर या हाकेतला जीवच जातो. ती नंतर आणा.

शीर्षकाचं काय?

वर लिहिलंय दाविदाचं स्तोत्र, गृहार्पणाचं गीत. आत मात्र घराचा पत्ता नाही. हे घर म्हणजे दावीद राजाचा राजवाडा की यरुशलेमचं मंदिर यावर मतं आहेत, मंदिर तर दाविदानंतर त्याच्या मुलाने, शलमोनाने बांधलं. इ.स.पू. १६४ मध्ये मंदिराचं पुन्हा शुद्धीकरण झालं, त्या हनुक्का सणाशी यहुदी परंपरेने हे स्तोत्र जोडलं. एका माणसाच्या दुखण्याचं गाणं सगळ्या लोकांनी आपलं मानलं एवढं यातून घ्या आणि पुढे चला.

पायरी ६: मग ख्रिस्ताकडे या

ख्रिस्ती वाचकाने इथपर्यंत आल्यावर योहान १६:२० उघडावं, तुमच्या दुःखाचा आनंद होईल असं येशू शिष्यांना सांगतो, तेही वधस्तंभाच्या आदल्या रात्री. कॅथॉलिक चर्चमध्ये पास्काच्या जागरणविधीत (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत) यशया ५४ च्या वाचनानंतर हेच स्तोत्र ३० येतं. मरणातून वर आणलं, शोकाचं गोणपाट सोडून हर्षाचा पट्टा बांधला, हे त्या रात्री येशूच्या तोंडी ऐकून बघा. पहिल्या पाच पायऱ्या केलेल्या असतील तर हे वरून चिकटवलेलं वाटत नाही.

वापरताना एक काळजी घ्या

ज्याच्या घरात काल माती झाली त्याला आज वचन ५ पाठवू नका. कळकळीने सांगते. ती ओळ सुटलेल्या माणसाने स्वतःबद्दल म्हटली आहे. रडणाऱ्यासोबत स्तोत्र ८८ वाचा, ते अंधारातच संपतं आणि तरी ते बायबलमध्येच आहे. तुमची स्वतःची सकाळ झाली असेल तर मात्र स्तोत्र ३० च्या चालीने आपली साक्ष लिहून काढा: आधी काय ठीक चाललं होतं, काय कोसळलं, देवाला नेमकं काय म्हणालात (भांडला असाल तर तेही), आणि काय बदललं. नावं-गावं न टाळता लिहा.

सरावासाठी पुढे स्तोत्र ११६ घ्या, मग १३८, मग योना २. शेवटी १०७, कारण त्यात रानात भरकटलेले, कैदी, आजारी आणि समुद्रावरच्या वादळात सापडलेले असे चार गट एकामागून एक उभे राहतात, आणि प्रत्येकाचं संकट वेगळं काढून लिहायला वहीचं एक पान तरी लागेल.